आपल्या गावात एक

नानांचा आवाज आधी यायचा आणि नाना नंतर. कोळवणच्या खोऱ्यात सकाळी धुकं उतरलं की बांध, झाडं, देवळाचा कळस सगळं पुसून जातं. त्या पांढऱ्यातून कुठून तरी एक घोगरा, लांबवलेला आवाज ऐकू यायचा, "येतोय, येतोय, बाजूला व्हा." मग बऱ्याच वेळानं खाकी पँट, पांढरा सदरा आणि रबरी चपला घातलेली एक उंच आकृती धुक्यातून बाहेर पडायची. बाजूला व्हायला वाटेवर कुणी नसायचंच. असलीच तर एखादी म्हैस.

ते एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माईकवर सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन गावी आले तरी लोक त्यांना कंट्रोलर नानाच म्हणत, आणि त्यांनीही ते काम मनातून सोडलं नव्हतं. लग्नात पंगत मांडली की कुणी न सांगता ते माईक ताब्यात घेत आणि मांडवाच्या डाव्या बाजूची पंगत आता बसत आहे, असं त्या जुन्या संथ सुरात सांगत. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण माईक समोर आला की त्यांची भाषा इस्त्री करून यायची. जेवायचे उभ्यानं, चहा प्यायचे उभ्यानं. नानी पाट मांडून थकली. "बसलो की गाडी सुटती," एवढंच त्यांचं म्हणणं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी जेवून खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला मात्र ते आठवतात ते कोरोनाच्या दिवसांतले. ते दिवसच आता खरे वाटत नाहीत. पाण्याखालून एखादं गाव दिसावं तसे ते दिसतात, हलणारे, आवाज नसलेले, आणि त्यात आवाज असतो तो फक्त नानांचा.

मी तेव्हा हिंजवडीत नोकरीला होते आणि शेजारच्या माण गावात एका खोलीत भाड्यानं राहत होते. कंपनीनं घरून काम करा म्हटल्यावर लॅपटॉप आणि दोन पिशव्या घेऊन गावी आले. घरात माझे वडील आप्पा, दादा आणि वहिनी. दादा कोळवण ते पौड जीप चालवायचा. वहिनी गावची आशाताई, म्हणजे घरोघर जाऊन कुणाला ताप, कुणाला खोकला ते बघणारी आणि आरोग्य केंद्राला कळवणारी. आप्पांना दमा. हा रोग छातीत उतरतो हे ऐकल्यापासून त्यांनी ओटीवर खाट टाकली होती आणि तिथून ते हलत नव्हते. गल्लीतून जाणारा कुणी जरा जवळून गेला की ओरडायचे. दिवसभर टीव्हीसमोर. कुठल्या जिल्ह्यात आज किती वाढले, किती बरे झाले, ते सगळं त्यांना पाठ. पारावरची पोरं लांब लांब बसून त्याच आकड्यांवर भांडायची. पुणं पुढे गेलं का मुंबई, असं, जणू सामना चालला होता.

देवळाच्या भोंग्यावरून रोज माहिती द्यावी असं पंचायतीनं ठरवलं तेव्हा ते काम दुसऱ्या कुणाकडे जाणार? दिवेलागणीला नाना देवळात जायचे. आधी दोनदा फुंकर. मग, "ग्रामस्थांनी लक्ष द्यावं." राज्याचा आकडा, जिल्ह्याचा, मुळशी तालुक्याचा. शेवटी थोडं थांबून, "आपल्या गावात, शून्य." हे झाल्यावर मात्र ते माईक बंद करत नसत. भोंग्यातून नुसती घूं अशी गुणगुण येत राहायची. भाताच्या खाचरांवरून, ओढ्यावरून ती पसरायची, आणि गुरं वळणाऱ्या बायासुद्धा ती संपेपर्यंत उभ्या राहायच्या. लाईटबिल काय तुमच्या घरनं भरताय का, असं एकानं विचारलं, तेव्हा नाना म्हणाले, "आकडा सांगितला म्हंजी झालं का? तेवढी माणसं हायेत ती. जरा थांबाया नको?"

लोक त्यांना डॉक्टर असल्यासारखं विचारायला लागले. नोटा धुवायच्या का, कोथिंबीर उकळायची का, पावण्याला पाणी दिलेला पेला फेकायचा का. नानांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं आणि ते तसं सांगायचेही. "मला काय म्हाईत? मी गाड्या सांगणारा." मात्र ते घरात कुणाकडे जायचे नाहीत. अंगणात, वारा कुठून येतो ते बघून उभे राहायचे, आणि वारा फिरला की बोलता बोलता स्वतःही फिरायचे. दोघं तिघं त्यांच्याशी बोलत असले की सगळेच हळूहळू फिरायचे. लांबून बघताना वाटायचं, झोपेत कुणी फेर धरलाय.

नानीला ऐकू येत नसे. लहानपणीच्या तापात तिचे कान गेले होते. जन्मभर जो माणूस माईकवर बोलला, त्याचा आवाज त्याच्या बायकोनं कधी ऐकला नाही. ती ओठ वाचायची. नानांनी ओठ जरासे हलवले तरी तिला कळायचं. मग सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि तिचं गावच बंद झालं. चार बायांत बसली तरी ती नुसती डोळ्यांकडे बघत राही. नानांनी काय करावं? नव्या सदऱ्याच्या खोक्यावर पारदर्शक कागद असतो तो कापून त्यांनी आपल्या मास्कला शिवून घेतला. तोंडापुरती खिडकी. बोलले की तिच्यावर वाफ धरायची, मग थांबून ती निवळेपर्यंत वाट बघायची, मग पुढचा शब्द. पोरं हसायची. नाना शांतपणे धुक्यामागून बायकोला सांगत असायचे, की राज्याचा आकडा आज इतका.

गावात पहिला माणूस सापडला तो भात निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत.

डोंगराच्या पायथ्याला मेंढरं-शेरडं राखणारी दोन-तीन घरं आहेत. आमच्याकडे मजुरीला येतात, लावणीला असतात, पण गावात राहूनही जरा बाहेरचीच. रोग मेंढरांच्या लोकरीतून येतो असं कुणीतरी मोबाईलवर वाचल्यापासून त्यांना हापशावर सगळ्यांचं झाल्यावर पाणी मिळायचं. त्यातल्या एका घरातली सून बाळंतपणाला पुण्यात दवाखान्यात गेली होती. पोरगा झाला. घरी आली आणि मागून आरोग्य केंद्रातून वहिनीला फोन आला की तिची तपासणी पॉझिटिव्ह आहे. त्रास काही नाही, पण वेगळं ठेवा, जपा.

वहिनीनं त्या घराला सगळं नीट समजावलं. बाजूच्या गोठ्यात तिची सोय केली, तान्ह्याला पाजताना तोंड कसं झाकायचं ते दाखवलं, बाकीच्यांना खाली उतरू नका म्हणून सांगितलं. मग ती देवळाशी गेली आणि नानांना म्हणाली, गावात एक आहे एवढं सांगा म्हणजे लोक जपून राहतील, नाव घेऊ नका. घरी येऊन तिनं मला सांगितलं, कारण कुणालातरी सांगितल्याशिवाय तिला राहवेना. दादाला नाही, आप्पांना तर नाहीच.

दिवेलागणीला भोंगा लागला. राज्य, जिल्हा, तालुका. "आपल्या गावात," नाना म्हणाले आणि थांबले. "एक."

त्या दिवशी गुणगुण ऐकायला कुणी थांबलं नाही. घटकाभरात सगळं गाव देवळासमोर, आणि अंतर ठेवायचं कुणाच्या लक्षातही नाही. आप्पा कित्येक महिन्यांनी ओटीवरून उतरले. मी त्यांच्यामागे धावले. गर्दीतून वाट काढत ते थेट पायरीपाशी गेले. नाना आणि आप्पा एका वर्गातले, एका ओढ्यात पोहायला शिकलेले.

"नाव सांग," आप्पा म्हणाले. "आमाला कळाया पायजे. मला दमा हाय, तुला म्हाईत न्हाई का?"

नाव सांगायचं नसतं, असं नाना म्हणाले. ते बराच वेळ एवढंच म्हणत राहिले. मग मागून कुणीतरी बोललं की सांगायला कशाला हवं, ती डोंगराकडची बाई दवाखान्यातून आलीय की. दुसऱ्यानं म्हटलं, आत्ताच्या आत्ता मेंढरं-माणसं घेऊन नदीपलीकडे जा म्हणावं. पाऊस भुरभुरत होता. दोघं-तिघं तर निघालेसुद्धा. वहिनी माझ्या शेजारी उभी होती, तिचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला.

नाना वळले आणि त्यांनी माईक तोंडाशी धरला. सगळे समोर उभे असताना माईकची काहीच गरज नव्हती. त्यांनी दोनदा फुंकर घातली.

"ग्रामस्थांनी लक्ष द्यावं. आपल्या गावात जो एक सापडला आहे, तो मी आहे. कृपया गर्दी करू नये."

निघालेले लोक वाटेवरच थांबले. समोरची गर्दी मागे सरकली, बायांनी पोरं ओढून घेतली. आप्पा सगळ्यात पुढे होते. त्यांनी टॉवेल नाकाला लावला, नानांकडे एकदा बघितलं, आणि घरी येऊन कढत पाण्यानं अंघोळ केली. मग रात्र पडेपर्यंत खोकत बसले. नाना देवळातून परस्पर शेतावरच्या खोपटाकडे निघाले. "येतोय, बाजूला व्हा," म्हणत गेले, आणि त्या दिवशी लोक खरंच बाजूला झाले.

नानीला हे सांगणार कोण? वहिनी तिच्या अंगणापुढच्या गल्लीत लांब उभी राहिली, मास्क खाली केला आणि ओठांनी सगळं सांगितलं, अगदी खरं ते. आवाज काढायचा नव्हता, त्यामुळे दोन्हीकडच्या दारांत बाया उभ्या असूनही कुणाला काही कळलं नाही. नानीनं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

आमच्या घरात मोबाईलला रेंज नव्हती. मी उतारावरच्या आंब्याखाली लॅपटॉप घेऊन बसायचे, तिथून नानांचं खोपट दिसायचं. दुपारी नानी डबा घेऊन यायची, दगडावर ठेवून बांधावर मागे सरायची. नाना दारात येऊन मास्क काढायचे. मध्ये निसवलेल्या भाताचं अख्खं खाचर. मग दोघं बोलत बसायची, आवाजाशिवाय. नाना ओठ हलवायचे, नानी मान डोलवायची, हातवारे करायची, कधी तोंडाला पदर लावून हसायची. ढग खाली आलेले, भातावर वारा लाटेसारखा जायचा, आणि माझ्या कानात ऑफिसातला कुणीतरी तिमाहीबद्दल काहीतरी सांगत असायचा. ती दोघं खरी का कानातला तो आवाज खरा, ते मला तेव्हा कळायचं नाही. एकदा मी नानीला खुणेनं विचारलं की काय म्हणत होते.

"काय न्हाई," ती म्हणाली. "आमटीत मीठ कमी व्हतं म्हनं."

लोक बांधावर यायचे आणि लांबून विचारायचे, "नाना, वास येतो का?" वास जातो हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. नाना मान हलवून नाही म्हणायचे. पुढे त्यांनी मला सांगितलं की सगळ्यात अवघड गेलं ते हेच. खाचरात आंबेमोहोर होता. त्या दिवसांत तो नुसता घमघमतो, डोळे मिटले की आंब्याच्या बागेत उभं असल्यासारखं वाटतं. "असा वास मला जन्मात आला न्हवता," नाना म्हणाले. "आन् मी आपला सांगतोय, न्हाई येत बाबा."

डोंगराकडची ती सून आपल्या गोठ्यात बरी झाली. ताप असा तिला आलाच नाही. चव गेली, काही दिवसांनी परत आली. वहिनी तांदूळ-डाळ पोचवत होती. नानांनी काय केलं ते वहिनीनंच तिला सांगितलं. तिनं निरोप धाडला की पाया पडायला येते. नानांचा उलट निरोप गेला, पोराकडं बघ म्हणावं.

नाना गावात परतले, पण आप्पा त्यांच्याशी बोलले नाहीत. नाना रस्त्यातून हात करायचे, आप्पा टीव्हीकडे बघायचे.

पुढल्या उन्हाळ्यात लाट आली तेव्हा भोंग्यावरून आकडे येईनासे झाले. एका दिवेलागणीला नानांनी माईक लावला, फुंकर घातली आणि काहीच बोलले नाहीत. त्यांचा श्वास तेवढा गावभर ऐकू येत राहिला. मग त्यांनी बटण बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून ते फक्त, तोंड झाका, एकमेकांना हाका मारत राहा, असं सांगायचे.

गावात घरटी कुणी ना कुणी झोपलं होतं. दादानं जीप दवाखान्यासाठी लावली, पण मागे आजाऱ्याला धरून बसायला कुणी मिळेना. तेव्हा लोकांना नाना आठवले. त्यांना एकदा होऊन गेलाय, त्यांना परत काय होणार? ते गावातले सगळ्यात सुरक्षित माणूस. लोक त्यांच्या अंगणात आले, म्हणाले, "नाना, तुमी चला." आणि नाना निघाले.

ते परत परत जात राहिले. जीपच्या ताडपत्र्या गुंडाळून वारा खेळता ठेवायचा, दोन मास्क लावायचे, आजाऱ्याचं डोकं मांडीवर घ्यायचं. आडव्या माणसाला बाहेरचं काही दिसत नाही, म्हणून ते त्याला सांगत राहायचे: पौड आलं, आता घोटावडे फाटा, आता पिरंगुट, आता भूगाव. दादा सांगायचा, म्हातारी माणसं त्या आवाजानं शांत पडून राहायची, जणू बाजाराला निघालीत.

एक दिवस वहिनीनं त्यांना आमच्या परड्यात गाठलं. मी तिथेच भांडी घासत होते.

"नाना, आता पुरं. सांगून टाका लोकांना. तुमाला झालाच न्हवता. लशीचा एकच डोस झालाय तुमचा."

"सांगितलं तर पुढचा प्रश्न काय इचारतील?"

वहिनीनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"मग कोण व्हतं, आसं इचारतील," नाना म्हणाले. "आन् आत्ता लोक लई भ्यालेत. भ्यालेल्या माणसाला नाव द्यायचं नसतंय." एवढं बोलून ते वारा बघून जरा फिरले आणि चहा उभ्यानंच संपवून गेले.

त्यांना ताप आला तो त्यानंतर फार दिवसांनी नाही. सकाळची वेळ, ऊन आत्ताशी कुठे तापत होतं. वहिनीनं बोटाला यंत्र लावलं आणि तिचा चेहरा उतरला. दादानं जीप आमच्या गल्लीत नानांच्या दारापाशी आणली. दोघांनी मिळून नानांना मागे आडवं केलं. त्यांचा श्वास लांब उभ्या माणसांनाही ऐकू येत होता. आता बरोबर बसायचं कुणी? नानी चढायला लागली, पण तिला साखर, आणि दवाखान्यात सगळ्यांची तोंडं बांधलेली, तिला तिथे काय कळणार? वहिनी गेली तर बाकीच्या घरांत बघायला कुणी नव्हतं. मी पुढे झाले तर वहिनीनं मला मागे ओढलं, घरात आप्पा आहेत म्हणाली. गल्लीत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. जे बरे झाले होते ते अजून खाटेवरच होते.

डोंगराकडच्या वाटेनं ती आली. कडेवर पोरगा. घरची माणसं मेंढरं घेऊन लांब गेली होती, ती एकटीच मागे राहिलेली. ती इतक्या लोकांमधून कधी चालली नसावी. जीपपाशी येऊन ती म्हणाली, "मी बसते."

कुणीतरी म्हणालं, अगं तुला काही झालं तर या पोराचं काय?

"मला होऊन गेलाय," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण गल्लीत दुसरा आवाजच नव्हता. "मागल्या साली, भात निसवायच्या वक्ताला. गावातला एक म्हंजी मी व्हते. नानांना काय बी झालं न्हवतं."

आडवे पडलेले नाना कोपरावर उठायला लागले. मास्क सरकवून, मध्ये मध्ये श्वास घेत म्हणाले, "खोटं बोलतीया ती. तिचं ऐकू नगा."

वहिनी म्हणाली, "खरं बोलतीया. मीच कळवलं व्हतं नानांना."

दादा स्टिअरिंगवरून मागे वळून वहिनीकडे बघतच राहिला. बाकी कुणी हललं नाही. नदीपलीकडे हाकलायला निघालेल्यांपैकी एकजण माझ्या समोरच उभा होता. त्यानं टोपी काढली, परत घातली.

तिला चढायचं होतं आणि कडेवर पोरगा होता. तिनं इकडे तिकडे बघितलं. पोराला घ्या असं म्हणायला तिची जीभ रेटेना, आणि हात पुढे करायला कुणाचा हात उठेना. वाईटपणा नव्हता त्यात. सगळे नुसते थिजले होते, स्वप्नात पाय उचलत नाहीत तसे.

आप्पा ओटीवरून उतरले. खाटेचा आधार घेत, मग भिंतीचा, मग कशाचाच नाही. मास्क नीट केला आणि तिच्यासमोर जाऊन दोन्ही हात पुढे केले.

"आन हिकडं," ते म्हणाले. "नानाला सांबाळ."

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. देवळापुढे नाव मागणारा माणूस कोण होता, ते तिच्या कानावर गेलेलं असणारच. मग तिनं पोरगा त्यांच्या हातात दिला आणि जीपमध्ये चढून नानांचं डोकं मांडीवर घेतलं. जीप वळणावरून दिसेनाशी झाली. पोरगा आधी रडला, मग आप्पांच्या छातीतली शिट्टी ऐकून गप्प झाला. अनोळखी घरघर त्याला आवडली असावी. त्यानं मास्कची दोरी मुठीत धरली आणि ओढायला लागला. घाबरून मी हात पुढे केले, म्हटलं, आप्पा, द्या माझ्याकडे.

"असू दे," आप्पा म्हणाले, आणि त्याचा हात नीट पोचावा म्हणून त्यांनी मान थोडी खाली केली.